वसुलीला निघालो, एका बाजूच्या भाड्यावर

आता ही फजिती ऐकायची तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल.

अक्कलकुव्यात आमचं शेतीच्या पाइप-मोटारींचं दुकान. मी बी.कॉम. झालेला, आणि माझं बूड एका जागी टिकेल तर शपथ. गल्ल्यावर मात्र अजून नाना, म्हणजे माझे वडील. तो गल्ला मला हवा होता, अगदी मनापासून.

एक दिवस हिशेब मांडला. येणं बाकी किती, वर्षाची उधार विक्री किती, भागलं, ३६५ दिवसांनी गुणलं. उत्तर आलं: माल गेल्यावर पैसे यायला सरासरी चार महिने! नानांना म्हटलं, "हाई दोन महिनावर आनी दखाडस. मंग गल्ला मन्हा?"

"आन," नाना म्हणाले. "पन लोके मजुरीले गुजरात जायेल शेतस. होळीले येतीन, तवय पैसा देतीन."

होळीला महिना होता. महिनाभर थांबायचं? मी? दुसऱ्याच सकाळी सगळ्यात मोठ्या बाकीवाल्याकडे निघालो. रायसिंगदादा, धडगावच्या वर डोंगरात राहतो. खिशात जाण्यापुरतंच भाडं घेतलं. येताना पिशवीभर पैसे असणारच ना?

जीप भरेपर्यंत हलेना. मी घाई करायला सारखा खाली उतरायचो. शेवटी ड्रायव्हर वैतागला, "भाऊ, तू उतरस आनि एक शीट कमी व्हई जास."

रायसिंगदादाने मक्याची भाकर आणि उडदाची डाळ वाढली. जेवता जेवता मी त्याला सरासरी समजावली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरं गुजरातले शेतस, शेठ. होळीले देसू."

मी उठलो, बसलो, परत उठलो. तेव्हा कुठे रिकाम्या खिशात हात गेला. मोबाइलला रेंज नाही आणि खाली शेवटची जीप हॉर्न मारतेय. ज्या तोंडाने बाकी मागितली, त्याच तोंडाने म्हणावं लागलं, "दादा, भाडाले दोनशे रुपया देशी का?"

दिले बिचाऱ्याने. फक्त विचारलं, "कवय देशी?"

"बाजारना दिन," मी म्हणालो आणि जीपकडे पळालो.

घरी यातलं एक अक्षर बोललो नाही. बाजाराच्या दिवशी दुकान उघडतंय तोच रायसिंगदादा नानांच्या पुढ्यात हजर. मी पाइपांच्या आड सरकलो. "तुमना पोऱ्या वसुलीले उना व्हता," तो म्हणाला. "घर जावाले भाडं नव्हतं, मी दिधं. ते दी टाका."

नानांनी गल्ल्यातून दोनशे काढून दिले आणि म्हणाले, "रायसिंग, तुन्हा पैसा चार दिनमा वसूल. आमले चार महिना लागतस. ये, आते तूच बस या गल्लावर."

मला वाटलं तो हसेल. त्याने तर खरंच विचार केला. गल्ल्याकडे पाहिलं, पाइपांमागे माझ्याकडे पाहिलं आणि नोटा खिशात घालत म्हणाला,

"नको, शेठ. ज्या दुकानना मानूस वसुलीलेच उधारीवर फिरस, त्या दुकानना गल्लावर मी कसाले बसू?"