देवापुढचं ड्रिल

तमिळ मुलखात वेलचेरीपर्यंत नुकती रेल्वे पोहोचली होती, त्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा तांबरमला आक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे राहत होतो. देवाधर्माला माझा विरोध नव्हता, पण भरवसा मात्र पान्यावर आणि स्क्रू ड्रायव्हरवर. भावोजींना अर्धांगवायू झाल्यापासून उजवी बाजू साथ देत नव्हती. ऑटोत, टॅक्सीत त्यांना चढवणं म्हणजे दिव्य होतं. आक्कानं हार न मानता जुन्या गाडीची पुढची सीट दाराबाहेर वळेल अशी करून घेतली आणि पन्नाशीत स्वतः गाडी शिकली. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

विजयादशमीला वेलचेरीच्या देवळात आक्काच्या नातीचं पहिलं अक्षर गिरवायचं होतं. तांदळात तिचं बोट धरायचं ते भावोजींनीच, एवढीच त्यांची आस. गाडीचा पाण्याचा पंप गळत होता. आदल्या दिवशी भल्या पहाटे मी तो बदलायला बसलो आणि शेवटचा गंजलेला बोल्ट सोडवताना त्याचं डोकं तुटून हातात आलं. उरलेला तुकडा इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आत रुतून बसला. ड्रिलनं पोखरून काढू म्हणून वळलो, तर ड्रिल जागेवर नव्हतं. आयुधपूजा होती. आक्कानं माझ्या हातातला पाना सोडून बाकी सगळी हत्यारं पुसून, गंध-कुंकू लावून कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्यांशेजारी ठेवली होती.

मी हात पुढे केला, तशी ती म्हणाली, "नको लावूंस हात. देवापुढचं उद्या पुनःपूजा झाल्यावरच उचलाचं."

"आणि उद्या गाडी नाही निघाली तर?"

"निघेल की. तू चुप बैस रे."

मी चिडून नाक्यावरच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथं दाराला केळीचे खांब, पान्यांना झेंडूच्या माळा. मेकॅनिकनं माझ्या ओंजळीत कुरमुरे आणि गूळ घातला आणि हसून उद्या यायला सांगितलं. परत येताना डोळे भरून आले, ते रागानं की लाचारीनं, कोण जाणे.

दुपारी कोलू बघायला बायका येत होत्या. त्यांत मोरपंखी साडीतल्या एक वयस्क बाई गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी थबकल्या. मी तमिळमध्ये रडगाणं गायलो. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, वाकून भोकात पाहिलं आणि आक्काच्या ताटातली कापसाची वात मागितली. "मण्णेण्णै इरुक्का?" घरात रॉकेल होतंच. वात त्यात भिजवून त्यांनी ती भोकात तुकड्यावर नीट दाबून बसवली. सुकली की पुन्हा भिजव, बाकी काही करू नकोस, असं बजावलं. मग तांबूल आणि प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल घेऊन त्या निघून गेल्या. मला वाटलं, शेजारच्या मामींबरोबर आल्या असतील. मामींना वाटलं, आमच्या नात्यातल्या असतील. कोलूला आलेल्या बाईला तू कोण, असं कोणी विचारतं का?

दिवसभर मला करण्यासारखं एवढंच होतं, वात भिजवायची आणि थांबायचं. हात शिवशिवत होते. संध्याकाळी मात्र, रॉकेलचा थेंब सोडताना, मी नकळत हात जोडले.

सकाळी पुनःपूजा झाली. ड्रिलकडे वळलोच नाही. टोकदार पंच तुकड्याच्या कडेला तिरका धरून हातोडीनं हलकेच टकटक केलं. तुकडा जरासा हलला, मग सुटून वर आला, आणि शेवटी बोटांनी फिरवत मी तो बाहेर काढला. ब्लॉकच्या आट्यांना ओरखडा नव्हता. आदल्या दिवशी रागाच्या भरात ड्रिल चालवलं असतं, तर ते वाकडं जाऊन ब्लॉकच कामातून गेला असता, आणि दुसरं इंजिन घेण्याची आमची ऐपत नव्हती. तो चमत्कार होता की रॉकेलचा गुण, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मला थांबवलं गेलं, एवढं मला ठाऊक आहे.

नव्या बोल्टनं पंप बसवला आणि आक्कानं गाडी चालवली. देवळात भावोजींनी डाव्या हातानं नातीचं बोट धरलं. डाव्या हाताला सवय नव्हती, बोट भरकटू लागलं, तशी आक्का मदतीला पुढे झाली आणि मग काय वाटलं कोण जाणे, तिनं आपला हात मागे घेतला. तांदळात वेडंवाकडं 'श्री' उमटलं. भावोजी रडले, आम्हीही रडलो.

आता दरवर्षी आयुधपूजेला ड्रिल मी स्वतःच देवापुढे ठेवतो. मग हात धुऊन, दिवसभर स्वस्थ बसतो.