बेसट्यूब आणि बोंबील

गाडीच्या डिकीत बेसट्यूब, म्हणजे तो धबधब घुमणारा लांबोडका स्पीकर, बसवायचा म्हणून मी पालघर आणि बोईसरची दुकानं पालथी घातली. पालघरवाला सगळं धरून एकच भाव सांगायचा. बोईसरवाल्याचा भाव कमी, पण वायर वेगळी, फिटिंग वेगळं. हा प्रकार माझ्या डोक्यात जातो. तरी घासाघीस करू म्हणून रविवारी गाडी बोईसरलाच नेली.

सोबत आमच्याकडे राहायला निघालेल्या सासूबाई होत्या. त्या सातपाटीच्या, सगळा जन्म मासळी विकण्यात गेलेला. लेकीसाठी घेतलेलं सुक्या बोंबलांचं पोतं डिकीत होतं.

"फिटिंग का अलग लगेगा," दुकानदार म्हणाला. मी बरीच हुज्जत घातली, तो हलेना. शेवटी मी कबूल झालो आणि डिकी उघडली. तो पोतं बाहेर काढायला गेला.

"हात नको लावू, बोंबील मोडतील," सासूबाई म्हणाल्या. "तसंच बसव." आणि त्यांनी पोत्याचं तोंड हळूच सोडलं.

ट्यूब बसली. त्याने गाणं लावलं. प्रत्येक ठोक्याला ट्यूबच्या भोकातून वारा सुटे आणि बोंबलांचा वास थेट दुकानात शिरे. दोन गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून निघून गेली.

"बंद करो," तो म्हणाला.

"नीट ऐकू तरी दे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "फिटिंगचे पण पैसे देतोय आमी."

त्याने फिटिंगचे पैसे सोडले, वायरचेही सोडले.

आता गाडीला टायर घ्यायचे आहेत. मी अजून एकाही दुकानात भाव विचारलेला नाही. सातपाटीला परतलेल्या सासूबाईंना फोन करून फक्त विचारलं, बोंबील वाळले का.