कलमाच्या पोटातला आकडा

ऐंशीचं दशक संपता संपता आमच्या साजगावच्या कारखान्यात पहिला संगणक आला. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, तिला थंड हवेचं यंत्र बसवलं आणि दारावर पाटी लावली: चपला बाहेर काढाव्यात, आत चहा-पाणी आणू नये. आम्ही ऑफिसातली सात माणसं इतकी वर्षं एका पंख्याखाली घाम पुसत होतो, त्याची कोणाला पडली नव्हती. पण असो. शिळफाट्यावरून चालत येणारी मी, धुळीचे पाय पुसून त्या खोलीत शिरले.

मुंबईहून आलेला एक तरुण अधिकारी आम्हाला ते यंत्र शिकवायचा. माझ्याकडे कारखान्याचे करारमदार टाइप करायचं काम होतं, म्हणून त्याने एक इंग्रजी करारच पडद्यावर आणला.

"मॅडम, ह्याला बावीस कलमं आहेत. आता मी पाचव्यानंतर एक नवं घालतो."

त्याने घातलं. खालची सगळी कलमं एकेक पाऊल पुढे सरकली. त्याचं मला काही विशेष वाटलं नाही. पण चौदाव्या कलमाच्या पोटात 'कलम नऊप्रमाणे' असा उल्लेख होता. त्याने दोन बटणं दाबली, आणि त्या नवाचे दहा झाले. कोणी हात लावला नव्हता.

"आकडा आपण लिहायचाच नाही," तो समजावत होता. "त्या नवव्या कलमाला एक नाव देऊन ठेवायचं. जिथे त्याचा उल्लेख येईल तिथे ते नाव घालायचं. त्याचा नंबर काय पडतो ते मशीन बघतं."

माझे डोळे भरून आले. बिचारा घाबरला. त्याला वाटलं, मला नोकरीची धास्ती पडली. "तुमची नोकरी कुठे जात नाही हो," म्हणाला आणि चहा मागवला. दारावरच्या पाटीचा नियम मोडून, त्या काचेच्या खोलीत.

मी म्हटलं, "अहो, हे तर मी दहा-बारा वर्षं पेन्सिलीने करते आहे." आणि पिशवीतून कच्चा मसुदा काढून दाखवला. माझ्या मसुद्यात कलमांना आकडे नसायचेच. समासात पेन्सिलीने नावं असायची: वाट, विहीर, कुंपण, मुदत. पोटातल्या उल्लेखांच्या जागीही तीच नावं. सगळं बोलणं संपलं, कोणाचं काही घालायचं-काढायचं उरलं नाही, की मग वरून खाली नंबर द्यायचे, आणि शेवटी टाइप करायला बसायचं.

"तुम्हाला हे कोणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"एका चुकीने," मी म्हटलं. ती चूक मी नवऱ्यालासुद्धा आजवर अर्धीच सांगितली आहे.

लग्नाआधी मी कर्जतला राहत होते. आमच्या बुद्धवाडीतली टायपिंगची परीक्षा पास झालेली मी पहिली मुलगी. त्याचा मला इतका गर्व होता, की एसटीत बसले तरी बोटं मांडीवर चालत असायची. रोज चौक गावावरून खालापूरला जायचे, एका वकिलांच्या ऑफिसात. वकीलसाहेब साठीच्या पुढचे, गावातल्या जुन्या घराण्यातले. पहिल्याच दिवशी त्यांनी माठाकडे बोट दाखवून सांगितलं, "तहान लागली की घ्यायचं. विचारायचं नाही." मी त्या दिवशी गरज नसताना दोनदा पाणी प्यायले.

माणूस देवासारखा, पण मसुद्याच्या बाबतीत महाचंचल. पक्षकार निरोप घेऊन पायऱ्या उतरत असले तरी ह्यांना काहीतरी आठवायचं. "थांबा, थांबा! गोठ्याचं राहिलं." की आलं मधे एक कलम. मग खालच्या सगळ्या कलमांचे आकडे बदलायचे. कलमाच्या डोक्यावरचा आकडा बदलणं सोपं, तो डोळ्यांना दिसतो. कलमाच्या पोटात जे आकडे असतात, 'वर कलम तीनमध्ये नमूद केल्याप्रमाणे' वगैरे, ते खरे लबाड. ते शोधून काढावे लागतात. मी ते बोटावर मोजायचे आणि स्वतःवर खूश असायचे.

चौकजवळच्या एका गावातल्या दोघा भावांचं वाटणीपत्र आमच्याकडे आलं. शेत निम्मं निम्मं, घर थोरल्याकडे. त्यांची एक बहीण होती, दोघांहून मोठी. नवरा वारल्यावर माहेरी आली होती आणि आई गेल्यावर ह्या दोघांना तिनेच वाढवलं होतं. ती आपला हक्क सोडायला तयार होती. वकीलसाहेबांनी भावांना स्पष्ट सांगितलं, "ती सोडते म्हणून तुम्ही घ्याल, पण तिला छप्पर लिहून दिल्याशिवाय मी हा कागद करणार नाही." म्हणून सहावं कलम पडलं: मागची खोली बहिणीने हयातीपर्यंत वापरावी. आणि पुढे अकराव्यात, थोरल्याला घर विकायचं झालं तर विकता येईल, पण 'कलम सहामधील हक्कास बाध न आणता.' म्हणजे घर कोणीही घेवो, बहिणीची खोली बहिणीचीच.

कागद नोंदवायच्या दिवशी सकाळी धाकट्याला बांधावरचा आंबा आठवला. अर्धा तास दोघं आंब्यावरून भांडले. शेवटी वकीलसाहेबांनी चौथं कलम घातलं: आंब्याची फळं एक वर्ष ह्याने, एक वर्ष त्याने. मी सगळी पानं नव्याने टाइप केली. पोटातले आकडे पाच होते. मी चार बदलले.

पाचवा राहिला. आंबा मधे शिरल्यावर बहिणीचं कलम सातवं झालं होतं, आणि सहावं झालं होतं विहिरीच्या पाण्याचं. विक्रीच्या कलमात मात्र 'कलम सहा' तसंच. म्हणजे आता घर विकताना विहिरीच्या पाण्याला बाध आणायचा नव्हता. बहिणीबद्दल तिथे एक अक्षर नव्हतं.

नोंदणीच्या आधी कागद मोठ्याने वाचून दाखवायची आमची रीत होती. पण ती रीत पुरुषांसाठी. बायका बाहेर पिंपळाच्या पारावर बसायच्या, अंगठ्याची वेळ आली की हाक मारायची. बहीण आली, अंगठा दिला, पदराला शाई पुसत बाहेर गेली. वकीलसाहेब कागद वाचत होते तेव्हा दोघं भाऊ कान टवकारून ऐकत होते, पण फक्त आंब्याचं कलम.

दीड वर्षाने तशाच एका वाटणीसाठी नमुना हवा म्हणून मी जुनी कार्बनप्रत काढली, आणि अकराव्याचं बारावं झालेल्या त्या कलमावर माझं बोट थांबलं. मी तीनदा वाचलं.

खरं सांगते, पहिला विचार चांगला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. दीड वर्षात कोणाच्या लक्षात आलं नाही, पुढेही येणार नाही. दोन दिवस मी ती प्रत इतर कागदांच्या खाली ठेवली. एसटी चौकला थांबायची तेव्हा मी त्या गावाच्या रस्त्याकडे पाठ करून बसायचे. तिसऱ्या दिवशी चौकलाच, पुढच्या बाकावरच्या दोन बाया बोलत होत्या की एका गॅरेजवाल्याला रस्त्यालगत जागा हवी आहे आणि आमच्या वाटणीपत्रातल्या थोरल्याचं घर तो बघून गेला. घर सबंध हवं म्हणे, मागच्या खोलीसकट.

ऑफिसात गेले ती सरळ साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि प्रत पुढे ठेवली. "साहेब, माझी चूक झाली."

त्यांनी चष्मा वर केला, वाचलं. मला वाटलं आता हातात नारळ देतील. ते म्हणाले, "आंबा मी घुसवला. आणि वाचूनही मीच दाखवलं. तुझी एकटीची कशी?"

"कोर्टात टिकेल ना हो सातवं कलम?"

"टिकेल. दहा वर्षं भांडल्यावर." त्यांनी प्रत घडी करून खिशात घातली. "दहा वर्षं ती बाई राहील कुठे? चूकदुरुस्तीचा कागद करावा लागेल. त्याला दोघा भावांची सही हवी. धाकट्याचं काही नाही. थोरला नाही म्हणाला, तर आपण काही करू शकत नाही."

रविवारी आम्ही त्या गावात गेलो. साहेब छत्री टेकत पुढे, मी मागे. थोरला ओसरीवर होता. बायकोने चहा आणला. साहेबांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, कागदात काय आहे आणि काय असायला हवं होतं. थोरला जमिनीकडे बघत राहिला. बोलली ती त्याची बायको.

"आता कशाला उकरून काडताय, वकीलसायेब? झालं ते झालं. आमी काय आक्काला रस्त्यावर टाकनार हाय का?"

थोरल्याने हळूच विचारलं, "नायच बदललं तर?"

"तर चालेल," साहेब म्हणाले. "मी जबरदस्ती करू शकत नाही. घर सबंध विकायला निघालास तर हाच कागद तुझ्या उपयोगाचा आहे. म्हणूनच मी आलो. ज्या कागदाने मी तिला छप्पर दिलं, त्याच कागदाने ते जाऊ नये, एवढंच."

मला रडू फुटायच्या बेतात होतं, पण चूक करणाऱ्याने आणि वर रडायचंही, हे बरं दिसलं नसतं. मी कप धरून बसले.

तेवढ्यात साहेबांनी बहिणीला बोलवायला सांगितलं. ती मागच्या दाराने आली, हात ओले. वकील बघून दारातच उभी राहिली. साहेब उठले. तोपर्यंत त्या माणसाला मी कोर्टातल्या जज्जाशिवाय कोणासाठी उठलेलं पाहिलं नव्हतं.

"आक्का, त्या दिवशी तुम्हाला हे वाचून दाखवायला हवं होतं. मी दाखवलं नाही. आज दाखवतो." आणि त्यांनी सातवं कलम वाचलं, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. मागील खोली, तिच्यापुढील ओटा आणि जाण्यायेण्याची वाट बहिणीने आपल्या हयातीपर्यंत, कोणाचीही परवानगी न घेता, वापरावी.

ती म्हणाली, "कोनाचीबी म्हंजे?"

"कोणाचीही. भावाचीसुद्धा नाही."

"ह्ये आत्ता लिवलं?"

"नाही. पहिल्या दिवसापासून आहे. तुमचा अंगठा आहे त्याच्याखाली."

ती भावाकडे वळली. रागाने नाही. लहानपणी त्याला विचारत असेल तशीच.

"तुला ठावं व्हतं रं?"

"व्हतं," थोरला म्हणाला. "सांगायचं ऱ्हायलं."

मी तोवर त्या आकड्याचाच विचार करत होते, सहा की सात. ह्या बाईने दीड वर्ष त्या खोलीत कसं काढलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मागचं दार उघडं होतं आणि तिथून खोली दिसत होती. कोपऱ्यात एक बांधलेलं गाठोडं, त्याच्यावर घडी केलेलं लुगडं. भिंती चारी बाजूंनी कोऱ्या. पाहुणी दोन दिवसांसाठी येते तेवढंच सामान.

तिने पदर सावरला आणि साहेबांना विचारलं, "मंग भितीला खिळा ठोकला तर चालंल का?"

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. थोरल्याच्या बायकोने कप गोळा केले आणि ती आत गेली.

"वकीलसायेब," थोरला म्हणाला, "मंगळवारी येतो खालापूरला. धाकट्यालाबी घिऊन येतो." मग तो उठला, पडवीतल्या पेटीतून हातोडी आणि दोन खिळे घेऊन आला. "आक्का, चल. कुटं ठोकू, दाव."

तिने हातोडी त्याच्या हातातून काढून घेतली.

"मी ठोकते," म्हणाली.