चिखल्या मास्तरांची मोरी

आमच्या मास्तरांच्या नखांतला चिखल दिवाळीच्या अभ्यंगानंही निघत नसे. गावानं त्यांचं नाव ठेवलं चिखल्या मास्तर, आणि आम्ही पोरांनी ते तोंडभरून वापरलं. अर्थात पाठीमागं. समोर बोलायची कुणाची टाप होती? दुसऱ्या महायुद्धाची लढाई ऐन भरात होती, गावातले निम्मे तरणे पलटणीत होते, आणि हे गृहस्थ माण तालुक्यासारख्या कोरड्या मुलखात आम्हाला ओढ्यावर नेऊन धरणं बांधायला शिकवत होते.

पहिला धडा घासलेटच्या डब्याचा. डब्याला वर, मधे आणि तळाशी भोकं पाडायची, उंच दगडावर ठेवून पाणी भरायचं आणि बघत बसायचं. तळची धार सगळ्यात लांब उडायची. "बघा, पानी बुडाला जास्त रेटतं. म्हणून भिंत बुडाला जाड." मग ओढ्यात चिखलाचा बांध. निम्मी पोरं वरच्या अंगाला, निम्मी खालच्या. खालच्यांनी वाळूत डबकं करून त्यात चिंगळ्या मासे सोडायचे. बांध पुरा झाला की खालचं डबकं आटायचं, मासे तडफडायचे. मी खालच्यांत होते, चक्क रडले. "रडू नगंस, मोरी बशीव," असं म्हणत मास्तरांनी पपईच्या पानाचा पोकळ देठ भिंतीच्या बुडाशी खुपसला आणि पाणी खाली आलं. गाळही त्याच वाटेनं जातो, नाहीतर धरणाचं पोट वर्षागणिक भरत जातं, हे त्यांनीच दाखवलं. "धरण बांधायचं तर खाली कोण हाय ते आदी बघायचं," हे त्यांचं पालुपद.

खाली खरंच माणसं होती. ओढ्याच्या खालच्या अंगाला एक वाडी होती आणि मास्तरांची थोरली बहीण, आक्का, तिथं दिलेली. नवरा वारला होता. एक विहीर आणि ओढ्याच्या वाळूतली कलिंगडं यावर त्यांचं चालायचं. आमचं गाव दर वर्षी दसरा झाला की दगड, निरगुडीच्या फांद्या आणि माती टाकून कच्चा बांध घालायचं. तो गळायचा. गळायचाच! त्या गळतीवर अख्खी वाडी जगत होती, पण ते ना आम्हाला ठाऊक, ना वाडीला. पिढ्यान्‌पिढ्या कुणाला विचार करायची वेळच आली नव्हती.

पोरांनी घरोघर जाऊन बुडाला जाड भिंत इतकी सांगितली, की माझे वडील आप्पा, गावचे कारभारी, म्हणाले, "पोरांचा बांध टिकतो, मग आपला का न्हाई?" ठरलं, पक्की भिंत घालायची. लढाईमुळं सिमेंट मिळेना, म्हणून घाण्याला बैल जुंपून चुना मळला. पाया मास्तरांनी आखून दिला. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. बुडाचे दगड बसू लागले तेव्हा ते म्हणाले, "इथं मोरी ठेवा."

"आवं मास्तर," आप्पा हसले, "जन्मभर गळका बांध घातला. आता कुठं न गळणारा घालतोय, आन् तुमी त्येला भोक पाडा म्हंता?"

सगळा गाव खो खो हसला. मास्तरही हसले. तिथंच घात झाला. ते अडून बसले असते तर! पण भिंत उभी राहिलेली बघायची त्यांनाही घाई होती. "बरं, फुडल्या साली बसवू," म्हणाले. चुन्यात बसलेला दगड कुठला पुढल्या साली हलतोय?

थेंब गळेना, आणि गावाला त्याचा कोण अभिमान! आमच्या विहिरी तुडुंब, आणि चैत्रातच आक्कांच्या विहिरीचा तळ दिसला. कलिंगडाचे वेल वाळून गेले. मास्तर चावडीवर हात जोडून उभे राहिले, भिंत फोडून मोरी बसवा म्हणाले. आप्पा म्हणाले, "खालच्यांनी त्यांचा बांध घालावा की." आणि अडवायचं काय, वाळू? आप्पा माझे वडील, पण त्या दिवसाचा त्यांचा राग मला अजून येतो.

वैशाखात आक्का आल्या. लेक मुंबईला गिरणीत होता, त्याच्याकडं कायमच्या निघाल्या होत्या. मी ताक द्यायला मास्तरांकडं गेले होते. मास्तरांनी स्वतः गूळपाणी आणून बहिणीपुढं ठेवलं. आक्कांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्या मागं सारला.

"गूळ तुजा हाय बाळू, खाल्ला. पानी तुमच्या गावाचं. ते नगं."

आदळआपट नाही, शिव्याशाप नाहीत. गाठोडं उचललं आणि उन्हात तशाच तहानेल्या चालत्या झाल्या. मास्तर तांब्याकडं बघत बसले. मला कुठली बुद्धी सुचली कोण जाणे, मी विचारलं, "मास्तर, आक्का परत कवा येतील?"

"पानी खाली गेलं की," ते म्हणाले.

त्यानंतर ओढ्यावरचे तास बंद झाले. धरणाचा धडा त्यांनी पुस्तकातून वाचून दाखवला आणि आम्ही मुकाट ऐकला. पुढं त्यांनी बदली मागून घेतली आणि सांगलीकडं गेले. मोटारीपाशी आप्पाही निरोपाला आले होते. मास्तरांनी त्यांना वाकून नमस्कार केला. करायला नको होता.

काही वर्षांतच धरणाचं पोट गाळानं काठोकाठ भरलं. मोरीच नाही, तर गाळ जाणार कुठं? मग ओढ्याचं पाणी भिंतीवरून सरळ खाली जाऊ लागलं, थेट वाडीपर्यंत. हे मास्तरांना सांगावं असं फार वाटायचं. पण पाणी पोचलं एवढं सांगितलं असतं, तर त्यांनी पुढचं विचारलंच असतं. वाडीत तेव्हा एकही चूल पेटत नव्हती.