आचारीमामांची चपटी बाटली

शेवटची पंगत उठली की आचारीमामा कढईपासून लांब, भिंतीच्या सावलीत जेवायला बसायचे. ताटात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. चटणीत अंगठ्याने खळगा करायचे, बंडीच्या आतल्या खिशातून चपटी बाटली काढायचे आणि तिच्यातली पिवळी धार त्या खळग्यात सोडायचे. "कढईतलं लोकांचं, अण्णा," मला म्हणायचे, "बाटलीतलं माजं."

बाटली दारूचीच, कुणीतरी रिकामी करून टाकलेली, मामांनी धुऊन घेतलेली. आत करडीचं कच्चं तेल. ते मैंदर्गीकडच्या घाण्यावरून यायचं. त्या तेलात भाकरीचा तुकडा बुडवून मीही कितीदा खाल्ला आहे.

सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयाचा मी व्यवस्थापक. तुम्ही कधी तिथे जेवला असाल, तर मामांच्या पुऱ्या तुमच्या पानात पडल्या असतील. दुपारी कार्यालय पेंगायचं. वर पंखे फिरत राहायचे, मागच्या अंगणात धूर आणि वाफ उन्हात मिसळून भिंतीसुद्धा हलल्यासारख्या दिसायच्या. त्या धुरातून आधी मामांचं पोट बाहेर यायचं, मागून मामा.

ते पोट कढईनेच वाढवलं होतं. बाटलीतलं आपलं म्हणणारा हा माणूस दिवसभर कढईतलंच खायचा. वनस्पती तुपातली बालुशाही, बुंदीचा चुरा, सकाळच्या पुऱ्यांचं तेल संध्याकाळी काळं पडल्यावर त्यातच तळलेली भजी. चव बघितल्याशिवाय वाढायचं कसं, हा त्यांचा सवाल. एकदा नवरीच्या मावशीने विचारलं, "मामा, पोटात कुणाचं लग्न जेवतंय?" मामा शांतपणे म्हणाले, "तुमचंच की, ताई. वऱ्हाड हितंच उतरलंय."

मग एका उन्हाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले आणि पायावर सूज आली. दवाखान्यात लिव्हर खराब झालंय असं सांगितलं. मला सांगताना ते स्वतःच चकित होते. आपण कधी थेंब घेतला नाही, मग हे कुठून आलं, असं पुन्हा पुन्हा विचारत होते. मी मान हलवली. पण मला वाटे, लिव्हर जातं ते दारूनेच. तेलाची बाटली माझ्यासमोर निघते, घरी कुठली निघत असेल कोण जाणे.

काही दिवसांनी माळशिरसकडचे एक आजोबा नातीच्या लग्नाची तारीख घ्यायला आले. आचारी पितो म्हणे, त्याच्या खिशात बाटली असते, असं त्यांच्या कानावर आलं होतं. मी हसून म्हणालो, "कामावर असताना नाही घेत."

मला वाटलं, मी मामांची बाजू घेतली.

आजोबांनी आपला आचारी आणला. त्यांच्यानंतरच्यांनीही आणला. देवाब्राह्मणांसमोरचं कार्य, पिणाऱ्याच्या हातचं नको, असं जो तो म्हणू लागला. मामा बरे वाटेल तेव्हा यायचे, कुठली तारीख आहे का विचारायचे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचो. पुढे ते यायचे थांबले.

गेल्या वर्षी पोटात दुखतं म्हणून माझी सोनोग्राफी झाली. रिपोर्ट बघून तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, घेता का?"

मी संतापलो. बाईंनी समजावलं. यकृतात चरबी साठायला दारूच लागते असं नाही. तळण, वनस्पती तूप, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल, गोडधोड, वाढलेलं पोट, हेही पुरतं, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर यकृत निबर होत जातं. करडीचं, शेंगांचं तेल त्यामानाने बरं, पण तेही चमच्याने, वाटीने नाही. त्या बोलत होत्या आणि मला त्यांच्यामागे धुराने भरलेलं अंगण दिसत होतं.

तिथूनच रिक्षा केली आणि होटगीला गेलो. मामा तिथे मुलीकडे होते. बाजेवर पडलेले, हातपाय काटक्या, पोट मात्र पाण्याने फुगलेलं. मी काय बोललो होतो ते सगळं सांगितलं.

"ठावं हाय," मामा म्हणाले.

"मग मला विचारलं का नाही?"

"तुमी म्हनल्यावर माजं कोन ऐकनार हुतं?" थोडा वेळ त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "एकदा माईकवर सांगा की, अण्णा. हरवलेल्या चपला सांगता, तसं."

लग्नसराई सुरू होऊ दे, पहिल्याच कार्यात सांगतो, असं मी कबूल केलं. ते हसले. लग्नसराई सुरू व्हायच्या आत ते गेले.

पहिल्या लग्नात पंगत बसली, पानं मांडली, आणि मी माईक घेतला. म्हणालो, "या कार्यालयात ज्यांनी इतकी वर्षं रांधलं, ते आचारीमामा कधीही दारू प्यायले नाहीत. ते पितात असं मी लोकांना वाटू दिलं. ते खोटं होतं."

माणसं माझ्याकडे बघत राहिली. त्यांच्यातल्या कुणीच मामांना पाहिलेलं नव्हतं. काहींनी खिसे चाचपले, आपलंच काही हरवलं असेल म्हणून. मागच्या अंगणातून कढईत पुरी सोडल्याचा आवाज तेवढा येत होता. मग पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "बरं. वाढा आता."