विमान पेटवायची युक्ती

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याची ही गोष्ट. सोलापूरच्या एका टॉकीजमध्ये मी पिक्चर दाखवायचं मशीन चालवायचो. मैंदर्गीची माझी थोरली बहीण, आक्का, विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा विमानदळात पायलट. लढाईत त्याचं विमान पेटून पडलं, असं पत्र आलं. त्याचं हाडसुद्धा हाती लागलं नाही. दोन वर्षं आक्का रडली. मग कुठं पितृपक्षात त्याच्या नावानं पान वाढायला लागली.

अशात आमच्याकडं लढाईचं पिक्चर लागलं. आक्का सकाळच्या एसटीनं आली. म्हणाली, "लेकराचं काम कसलं असायचं, ते तरी बघते की." मी शहाण्यानं तिला मशीनच्या खोलीत, झरोक्याशी बसवलं. पडद्यावर विमान पेटलं आणि तिनं असा हंबरडा फोडला, की खालची माणसं मागं वळून बघायला लागली.

खेळ सुटल्यावर तिची समजूत घालायला मी बोलत सुटलो. पिक्चर कसं काढतात, ते रिळांच्या पेटीबरोबर येणाऱ्या माणसाकडून सगळं ऐकलं होतं. "आगं आक्का, त्यो हिरो जमिनीवरच बसल्याला असतोय. इमानाचं नुसतं म्होरलं तोंड करत्यात, मागच्या पडद्यावर ढग पळवत्यात, दोघंजण खालनं हलवत्यात. खरी इमानं येगळी टिपून मधी जोडत्यात. आन् पेटलं ते हातभर खेळणं!" तिला पटेना. मग मी रीळ उलगडून दिव्यासमोर धरलं आणि खेळण्याला बांधलेला बारीक दोरा तिला दाखवला.

आक्कानं डोळे पुसले. बराच वेळ त्या दोऱ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय रं, मग आपल्या लेकराचं इमान पेटल्यालं तरी कुणी बघितलंय?"

मी घाईघाईनं रीळ गुंडाळत म्हणालो, "आक्का, ह्यो सिनेमा हाय. ती लढाई हुती. पोर गेलं आपलं." पण ऐकतंय कोण!

त्या वर्षी पितृपक्षात तिनं फोटोचा हार काढून टाकला. समजवायला गेलो, तर माझ्यावरच उसळली. "जित्या माणसाचं पान वाढत्यात व्हय? तूच दाखवलंस की मला!" पुढं तीन वर्षं ती एसटीच्या वेळेला त्याचा भात झाकून ठेवायची. गावातले हसायचे. मला तिच्या दारात जायची लाज वाटायची.

आक्का गेल्यावर पितृपक्षात मी दोन पानं वाढली, एक तिचं, एक पोराचं. तिच्या लेखी पोर मेलंच नव्हतं. त्याच्या पानावर पाणी सोडायचं शेवटी माझ्याच हातून झालं.