मामांच्या नाकाचा सौदा

दलालमामा तोंडाने कधी भाव सांगत नसत. घोडेगावच्या बैलबाजारात ते गिऱ्हाइकाचा हात उपरण्याखाली घेत, बोटं दाबत आणि सौदा पटे. वर चेष्टा चालूच. "मास्तर, तुमचं लगीन ठरवायचंय, द्या हात," असं मला भर बाजारात म्हणत. मी गावच्या शाळेत नवा होतो आणि त्यांच्याच ओसरीवरच्या खोलीत राहत होतो.

सत्तर-एकाहत्तर सालच्या सुमारास त्यांच्या नाकपुडीशेजारी हरभऱ्याएवढी चकचकीत गाठ आली. खपली धरे, रक्त येई, बरी होत नसे. मी त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं.

"हा त्वचेचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "सहसा अंगभर पसरत नाही. पण मूळ राहिलं तर तिथेच परत येतो. भोवतालचंही कापायला हवं."

मामांनी चक्क डॉक्टरांचा हात उपरण्याखाली ओढला आणि करंगळीचं टोक दाबलं. "एवढंच. नकट्या दलालाला कोन बैल दावील?"

डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं. मामा हटले नाहीत. शेवटी तेवढंच कापलं गेलं. परतताना मामा खुशीत होते. "डॉक्टरलाबी खाली आनला बघा, मास्तर!" मीही हसलो.

दोनेक वर्षांनी त्याच व्रणावर मोत्यासारखा ठिपका उगवला. मला तो दिसला आणि मी नजर फिरवली. त्यांच्याच पंगतीला जेवणारा मी, वाईट बातमी आपल्या तोंडून नको म्हणून गप्प बसलो. मामांनी तर बाजारातलीच युक्ती केली. विकायच्या बैलाचा डाग काही लोक तेल-काजळी चोळून लपवतात, तशी त्यांनी ठिपक्यावर काजळी लावली.

एका सकाळी मामींनी ती ओल्या पदराने पुसली. रक्त आलं.

"गिऱ्हाइकाला फसवा. मलाबी व्हय?"

"अगं, तीळ हाय त्यो."

"तीळ रगत काढतो व्हय? चला नगरला. न्हाईतर ह्या दावणीला मी ऱ्हात न्हाई!"

आणखी उशीर झाला असता तर डोळ्यापर्यंत गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी उपरणं काढून मामींच्या हातात दिलं. "सायेब, भाव तुमी सांगा. घासाघीस न्हाई."

नाकाचा एक कोपरा गेला. तिथे कपाळाची कातडी बसवली. पट्टी सुटल्यावर आरशात बघून मामा म्हणाले, "आता राग आला की आठी नाकावर पडंल." बैल दाखवणारे मात्र पूर्वीइतकेच येत राहिले.

मग मामांनी नवाच उद्योग काढला. बाजारात उन्हाने रापलेल्या कुणाचीही हनुवटी धरायची, तोंड उजेडाकडे वळवायचं आणि विचारायचं, "ही खपली कवाची? जा नगरला. आन् कापतील तेवढं कापू दे." लोक वैतागत. काही जण खरंच जात.

पुढे माझी संगमनेरला बदली झाली. निघताना पाया पडलो आणि मनात सलणारं एकदाचं बोललो. "मामा, तो ठिपका मला आधीच दिसला होता. मी बोललो नाही."

त्यांनी माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"साफ हाय," म्हणाले. "पळा आता, यष्टी चुकंल."